रात्री लेकरू रडतं तेव्हा: घुटी, अफू आणि ड्रॉप्सचा इतिहास

"दिवसा कसं छान खेळते, डॉक्टर. रातचे अकरा वाजले का सुरू! पोटात दुखत असन का जी?"

अंजनगाव सुर्जीत काय किंवा दर्यापूर, अकोटात काय, तान्ही बाळं तपासणाऱ्या डॉक्टरला हा प्रश्न आठवड्यातून चार वेळा तरी ऐकू येतो. प्रश्न आई विचारते, पण उत्तर बहुतेक वेळा सोबत आलेल्या आजीकडे आधीच तयार असतं. "घुटी सुरू करा म्हणतो मी, पण हे ऐकत नाहीत." बाळाच्या बाबांनी तोपर्यंत औषधाच्या दुकानातून पोटदुखीचे ड्रॉप्स आणलेले असतात. म्हणजे एका रडण्यावर घरात तीन पिढ्यांची तीन उत्तरं असतात.

ही उत्तरं आली कुठून, ते आज पाहू. बाळाच्या रात्रीच्या रडण्याला मोठा इतिहास आहे आणि तो निव्वळ गमतीचा नाही. या इतिहासात औषधं आहेत, तशी बाळांचे जीव घेणारी औषधंही आहेत. त्यातलं बरंच काही आपल्याच मुलखात घडलं.

आधी ऐकणारे होते

सुरुवात चांगल्या गोष्टीने करतो. काश्यपसंहिता हा आयुर्वेदातला खास बालरोगांचा ग्रंथ. तो बराच काळ हरवलेलाच होता. विसाव्या शतकात नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांच्याकडच्या अपुऱ्या ताडपत्री पोथीवरून तो १९३८ साली छापला गेला. त्यात 'वेदनाध्याय' नावाचा एक अध्याय आहे. बोलता न येणाऱ्या बाळाला कुठे दुखतं ते वैद्याने कसं ओळखावं, एवढाच त्याचा विषय. डोकं दुखत असेल तर बाळ डोकं हलवतं, डोळे मिटतं. कान दुखत असेल तर हात कानाकडे नेतं. पोटात शूळ असेल तर अंगावर पीत नाही, रडतं, पोट ताठ होतं, तोंडावर घाम येतो. बाळ रडतंय म्हणून काय द्यायचं हे नंतर. आधी ते कसं रडतंय ते बघा, असा हा सगळा क्रम आहे. आजही आम्ही बाळ तपासायला घेतो तेव्हा वेगळं काही करत नाही.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातही एक सुंदर सूचना आहे. मूल रडत असेल, खात नसेल, ऐकत नसेल, तरी त्याला राक्षस, पिशाच, पूतना यांची नावं घेऊन घाबरवू नये. बागुलबुवाला जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी केलेली ही मनाई! आपण ती काही पाळली नाही.

दुसऱ्या बाजूने, त्याच ग्रंथपरंपरेत बालग्रहही आहेत. सुश्रुताने नऊ ग्रह सांगितले, त्यांत पूतना आहे, शकुनी आहे, रेवती आहे. कारण न कळणारं रडणं, दचकणं, दूध टाकणं हे या ग्रहांच्या नावावर जमा होई. आपल्या घरांत ते काम सटवाईकडे आलं. झोपेत बाळ हसलं तर सटवाईनं हसवलं, रडलं तरी तिनंच रडवलं. मला या समजुतीत वाईट काही दिसत नाही. आईने काही चुकवलं म्हणून बाळ रडत नाही, हे तिच्यात आपोआप सांगितलं जातं. दृष्ट काढल्याने बाळाचं काही बिघडतही नाही. मीठमोहऱ्या चुलीत टाकताना धूर बाळाच्या नाकात जाऊ देऊ नका, म्हणजे झालं.

घुटी आणि आपली पानपिंपरी

सहाणेवर उगाळायची बाळघुटी मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. हिरडा, मायफळ, जायफळ, वेखंड, सुंठ, हळकुंड, ज्येष्ठमध, अतिविष, काकडशिंगी, नागरमोथा, डिकेमाली, मुरुडशेंग, खारीक, बदाम. यादी घरागणिक बदलते. कशाचे किती वेढे द्यायचे हे आजीला पाठ असतं. मुरुडशेंगेचं नावच बघा. ती शेंग स्क्रूसारखी पिळलेली असते, म्हणून पोटातल्या पिळावर, म्हणजे मुरड्यावर ती द्यायची. मेळघाटच्या जंगलात ती भरपूर मिळते.

पिंपळी मात्र अगदी आपल्या शिवारातली. अंजनगाव आणि अकोट भागातले बारी समाजाचे पानमळे पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत, आणि नागवेलीच्या पानाबरोबर इथे पानपिंपरीही घेतली जाते. ही आयुर्वेदाची पिप्पली. अतिविष, काकडशिंगी, नागरमोथा आणि पिंपळी ही चार मिळून लहान मुलांसाठीचं 'बालचतुर्भद्र' होतं. म्हणजे अंजनगावच्या मळ्यातला माल देशभरच्या बाळांच्या घुटीत जात राहिला.

मग डॉक्टर घुटीला नाही का म्हणतात? पहिलं कारण साधं आहे. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही नको, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सहाण, उगाळायचं पाणी, बोट, चमचा या चारांपैकी एक जरी अस्वच्छ असेल तर जुलाब ठरलेले. मध चाटवणं तर वर्षभर टाळायचं, कारण मधातून क्वचित येणारा बोटुलिझमचा जंतू तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पाडू शकतो. दुसरं कारण वेखंड. त्यातल्या बीटा-असरोन या द्रव्यामुळे उंदरांत गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. आजी एखादा वेढा देते, ती मात्रा फार छोटी हे खरं. पण 'थोडं जास्त उगाळलं तर लवकर झोपते' हा हिशेब घरात सुरू झाला, की मात्रा छोटी राहत नाही. जायफळाचंही तसंच. जास्त झालं तर ते गुंगी आणतं.

गुंगी हा शब्द लक्षात ठेवा. यापुढचा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

बाळगोळी

अंजनगाव सुर्जीचं नाव शाळेच्या इतिहासात एकदाच येतं. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि आर्थर वेलस्ली (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) यांच्यात इथे तह झाला. आडगावची लढाई आणि गाविलगडाचा पाडाव त्याच्या आधीच्या महिन्याभरातला. त्या शिंद्यांचा माळवा म्हणजे अफूचं आगार होतं. उज्जैन ही तिची मोठी बाजारपेठ. तहाच्या कलमांत बाळांचा काही संबंध नाही, पण त्या अफूचा आहे. पुढच्या शतकात मध्य आणि पश्चिम हिंदुस्थानात तान्ह्या बाळाला मोहरीएवढी अफू चाटवणं ही घराघरातली गोष्ट होती. १८९३ साली ब्रिटिश सरकारने अफूवर रॉयल कमिशन नेमलं. १८९५ च्या अहवालात कमिशनने अफूच्या वापरावर सरसकट बंदीची गरज नाही असं ठरवलं. बाळांना अफू देण्याच्या रिवाजाबद्दल त्याच्यापुढे पुष्कळ साक्षी झाल्या होत्या.

याची खरी मोजदाद झाली ती मुंबईच्या गिरणगावात. वऱ्हाडातून कापसाच्या गासड्या तिकडेच जात, आणि त्या कापसाचं सूत काढणाऱ्या बायकांची बाळं चाळीतल्या एका खोलीत पडून असत. मुंबई सरकारने गिरण्यांमधल्या बाळंतिणींची पाहणी करायला डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरची नेमणूक केली. त्यांचा अहवाल १९२२ साली मुंबईच्या 'लेबर गॅझेट'मध्ये आला. कामगार बायकांच्या बाळांपैकी ९८ टक्क्यांना अफू दिली जाते, असं त्यात नोंदलं होतं. शंभरातली अठ्ठ्याण्णव! त्या गोळीला बायका 'बाळगोळी' म्हणत.

ही आकडेवारी वाचून आयांना नावं ठेवणं सोपं आहे, आणि त्या काळी अनेकांनी ती ठेवलीही. अडाणीपणा, रूढी, वगैरे. मला वाटतं, त्या बाईचा दिवस डोळ्यासमोर आणला तर चित्र वेगळं दिसतं. पहाटे भोंगा होतो. ती दहा-अकरा तास साच्यावर उभी. बाळ शेजारच्या म्हातारीकडे, नाहीतर मोठ्या बहिणीकडे, जी स्वतःच सहा-सात वर्षांची. मधे दूध पाजायला कुणी सोडत नाही. रात्री बाळ रडलं तर त्याच खोलीत झोपलेली दुसरी दोन कुटुंबं उठतात, आणि त्यांचीही सकाळी पाळी असते. गोळीची किंमत काही पैशांची. एक दिवस खाडा केला तर त्याहून कितीतरी जास्त जातात. बाळाच्या रडण्याला कुणाकडेही वेळ नव्हता, म्हणून ते रडणं बंद करणारी वस्तू बाजारात आली.

अफू बाळाला काय करते, हेही समजून घ्या. तिच्यातलं मॉर्फिन मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला मंद करतं. तान्ह्या बाळाचं यकृत ते लवकर शरीराबाहेर काढू शकत नाही, म्हणून मोठ्याला काहीच न होणारी मात्रा बाळाचा श्वास थांबवते. हे झालं अचानक येणारं मरण. हळू येणारं मरण जास्त फसवं असतं. गुंगीतलं बाळ भूक लागली तरी रडत नाही. रडत नाही म्हणून त्याला पाजलं जात नाही. आतडी मंदावतात, शौचाला होत नाही, पोट फुगतं. वजन उतरतं, आणि मग साधा खोकलाही पुरतो. मृत्यूच्या नोंदीत 'अफू' लिहिलेलं नसतं, 'अशक्तपणा' किंवा 'फिट' लिहिलेलं असतं.

१९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर १००० जन्मांमागे ६६६ बाळं वर्षाच्या आत मेल्याची नोंद आहे, एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत ८२८. हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात, देशावर आपापल्या गावी जात. जन्म तिकडे व्हायचा, मृत्यूची नोंद मुंबईत, त्यामुळे प्रमाण फुगतं. पण निम्मा केला तरी तो आकडा भयंकरच राहतो.

या गोळीवर औषध सापडलं ते दवाखान्यात नाही, कायदेमंडळात. १९२४ च्या सुमारास ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आणलं. ते नापास झालं. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात अशाच विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि तो भार मालकाने उचलायला हवा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली मुंबईचा कायदा झाला. आपला वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता, तिथला कायदा १९३० चा. काही आठवड्यांची रजा आणि रोजचे आठ आणे, एवढंच. १९३१ साली व्हिटली कमिशनच्या अहवालाने बायका कामाला असलेल्या कारखान्यांत पाळणाघरं हवीत असं सांगितलं, आणि १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात पन्नासपेक्षा जास्त बायका असलेल्या कारखान्याला पाळणाघर सक्तीचं झालं. हा आकडा पुढे १९७६ साली तीसवर आणला.

शेतातल्या बाईला यातलं काहीच लागू नव्हतं. कापूस वेचायला जाणारी बाई आजही लुगड्याची झोळी निंबाच्या फांदीला बांधते आणि ओळीच्या टोकाला पोचली की मागे वळून बघते. रजा नाही, पाळणाघर नाही. त्यामुळे रात्री निवांत झोप मिळावी म्हणून ती बाळाला काही 'देते', तेव्हा तिला रागावण्याआधी मी हे आठवून घेतो.

बाटलीतली अफू, बाटलीतली दारू

गोऱ्यांच्या देशात हे नव्हतं असं समजू नका. वेलस्ली आपल्या गावात तह करत होता त्या काळात इंग्लंडमधल्या आया बाळांना 'गॉडफ्रेज कॉर्डियल' पाजत होत्या. म्हणजे काकवीत घोळलेली अफू. अमेरिकेत १८४९ पासून 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' विकलं गेलं, त्यात मॉर्फिन होतं. बाटलीवर आईच्या मांडीवर शांत पहुडलेल्या बाळाचं चित्र. १९०६ च्या कायद्याने तिथे बाटलीवर घटक लिहिणं बंधनकारक झालं, आणि १९११ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अशा औषधांना 'बाळ मारणारी' म्हटलं.

ग्राइप वॉटरची गोष्ट त्यामानाने सौम्य आहे. १८५१ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे औषधविक्रेते विल्यम वुडवर्ड यांनी ते बनवलं. दलदलीच्या भागातल्या तापावर मुलांना दिलं जाणारं एक मिश्रण त्यांच्या नजरेत आलं होतं, ते घेऊन बाळं शांत होत. त्यात सोडा, साखर, पाणी, शेपूचं तेल आणि सुमारे साडेतीन टक्के मद्यार्क होता. शेपूचं बी म्हणजे काय? आपला बाळंतशेपा! आपल्याकडे जो बाळंतीण खाते, तोच तिकडून बाटलीत भरून परत आला आणि आपण त्याला विलायती औषध म्हणून रांगेत उभं राहून घेतलं. बाळ शांत होण्यात शेपूचा वाटा किती, साखरेचा किती आणि दारूचा किती, हे तुम्हीच ठरवा. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये त्यातला मद्यार्क काढला गेला. आज आपल्याकडे मिळणाऱ्या ग्राइप वॉटरमध्येही तो नसतो. तरी सहा महिन्यांच्या आत त्याची गरज नाही.

त्यानंतर आले ड्रॉप्स. डायसायक्लोमिन हे आतड्याची आकडी सैल करणारं औषध. बाळांच्या रडण्यावर ते खरोखरच चालायचं आणि डॉक्टरही खुशाल लिहून देत. १९८० च्या दशकात काही तान्ह्या बाळांचा ते दिल्यावर श्वास थांबल्याचे, झटके आल्याचे, बाळ लुळं पडल्याचे अहवाल आले. १९८५ च्या आसपास सहा महिन्यांखालच्या बाळांसाठी ते वर्ज्य ठरलं. आज चाळीस वर्षांनीही 'पोटदुखीचे थेंब' म्हणून ते दोन महिन्यांच्या बाळासाठी घरात आलेलं दिसतं. तुमच्या घरातल्या ड्रॉप्सच्या खोक्यावर हे नाव आहे का, हे वाचून झाल्यावर एकदा बघाच. सर्दीच्या औषधांतल्या झोप आणणाऱ्या प्रोमेथाझिनवरही अमेरिकेत २००४ पासून दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ठळक इशारा छापला जातो, कारण तेच: श्वास मंदावतो.

औषध नको म्हणणाऱ्यांचाही एक पंथ होऊन गेला. १८९४ साली अमेरिकेचे एमेट होल्ट यांनी रडणं हा बाळाच्या फुप्फुसांचा व्यायाम आहे असं लिहिलं. न्यूझीलंडच्या ट्रुबी किंग यांनी घड्याळ लावून दर चार तासांनी पाजा, रात्री पाजूच नका, रडलं तरी उचलू नका, असं शिकवलं. "रडू दे, छाती मजबूत होते" हे वाक्य आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ऐकतो तेव्हा मला होल्टसाहेब आठवतात. फुप्फुसांना अशा कोणत्याही व्यायामाची गरज नसते.

विळ्याचे चटके

अंजनगावच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. वर मेळघाटात पोट फुगलेल्या, सतत रडणाऱ्या, दम लागलेल्या बाळाच्या पोटावर तापवलेल्या विळ्याने किंवा सळीने चटके देण्याची रीत आहे. तिला 'डंबा' म्हणतात. २०२५ च्या सुरुवातीला अवघ्या बावीस दिवसांच्या बाळाच्या पोटावर ६५ चटके दिल्याची बातमी आली, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला. खाली मैदानातही जुन्या लोकांच्या पोटावर डागाचे, बिब्ब्याचे व्रण दिसतात, तेव्हा हे फक्त 'तिकडचं' आहे असं म्हणायला जागा नाही.

चटक्याने बाळ गप्प का होतं? वेदनेने थकून ते निपचित पडतं. घरच्यांना वाटतं, आराम पडला. मूळ आजार न्यूमोनिया असो, जंतुसंसर्ग असो की आतड्याचा अडथळा, तो तसाच असतो. भरीला जखमेतून नवे जंतू आत जातात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यामुळे अशा अघोरी उपचारांवर गुन्हा दाखल होतो. पण मेळघाटात जास्त कामी आलेला मार्ग मला दुसराच वाटतो. तिथल्या भूमकांनाच सोबत घ्यायचं आणि आजारी बाळ दवाखान्यात पाठवलं तर त्यांना मानधन द्यायचं. रात्री दोन वाजता आई ज्याच्या दाराशी जाते, त्याच्या हातून विळा काढून चिठ्ठी दिली तर बाळ खाली पोचतं.

सगळेच उपाय 'लागू' का पडले?

घुटी, अफू, ग्राइप वॉटर, थेंब, डंबा, दृष्ट. प्रत्येकाचे साक्षीदार आहेत. "आमच्या पोरीला लागू पडलं" हे वाक्य खोटं नसतं. मग?

याचं उत्तर १९५४ आणि १९६२ सालच्या दोन अभ्यासांत आहे. १९५४ मध्ये मॉरिस वेसल यांनी अमेरिकेत एक व्याख्या दिली. धडधाकट बाळ दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त काळ रडत असेल तर त्याला 'कॉलिक' म्हणावं. १९६२ मध्ये बेरी ब्रेझल्टन यांनी आयांना रडण्याच्या वह्या लिहायला लावल्या. निघालं ते असं: दोन आठवड्यांची बाळं दिवसाला सुमारे पावणेदोन तास रडतात, सहाव्या आठवड्यापर्यंत ते पावणेतीन तासांवर जातं, आणि मग उतरत तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बरंच कमी होतं. जोर संध्याकाळी आणि रात्री. ही बाळं निरोगी होती. आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटात कुंग लोकांची बाळं दिवसभर आईच्या अंगाला बांधलेली असतात. तिथेही रोनाल्ड बार यांना रडण्याचा तोच चढउतार दिसला. फक्त तिथलं प्रत्येक रडणं थोडक्यात आटपायचं.

आता हिशेब करा. आई कंटाळून उपाय शोधते तो सहाव्या-सातव्या आठवड्यात. उपाय कोणताही करा, पुढच्या महिन्याभरात रडणं उतरणारच असतं, आणि ते श्रेय त्या उपायाला मिळतं. आजी खोटं बोलत नव्हती. तिने घुटी दिली आणि बाळ शांत झालं, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

रात्रच का, याचं कारण असं की पोटात असताना बाळ आईच्या दिवसरात्रीवर चालतं. जन्मल्यावर त्याचं स्वतःचं घड्याळ लागायला दोन-तीन महिने जातात. झोपेचं एक आवर्तन तासाभराचं. आईचं दूध लवकर पचतं, म्हणून दोन-तीन तासांनी भूक लागते. यात बिघाड काही नाही.

मग करायचं काय? आधी बघायचं. भूक, ओली लंगोट, उकाडा. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत बाळाला टोपी, मोजे आणि दुपट्यात गुंडाळलेलं असतं आणि घरचे विचारतात, का रडतं! अंगावरचे कपडे काढून मुंग्या, ढेकूण, डासाचा चावा बघा. बोटांभोवती केस बघा. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात, एखादा केस बाळाच्या पायाच्या बोटाला आवळून बसतो आणि बोट सुजतं. जांघेत फुगा आहे का तेही बघा.

काही सापडलं नाही तर उचलून घ्या. जपानच्या रिकेन संस्थेत कुमी कुरोदा यांनी २०२२ साली हे मोजून दाखवलं. रडणाऱ्या बाळाला छातीशी धरून पाच मिनिटं संथ चालायचं, झोप लागली की लगेच खाली न ठेवता पाच ते आठ मिनिटं तसंच घेऊन बसायचं, मग ठेवायचं. लगेच ठेवलं की बाळ जागं होतं. अंगणात येरझारा घालणाऱ्या आपल्या आज्यांना हे माहीत होतं. त्यांनी ते छापलं नाही, एवढंच. झोळीत किंवा पाळण्यात झोपलं तर मान छातीवर मुडपणार नाही हे बघा, आणि रात्री सपाट जागेवर उताणं झोपवा. बाबांनीही पाळी घ्यावी, कारण आईची झोप हाही या उपचाराचाच भाग आहे. आणि चिडून हात शिवशिवायला लागले तर बाळ सुरक्षित ठेवून दोन मिनिटं बाहेर या. तान्ह्या बाळाला कधीही गदागदा हलवू नका. मेंदूत रक्तस्राव होतो.

खणखणीत आणि क्षीण

शेवटी गडचिरोलीचं सांगतो, कारण मला या सगळ्या इतिहासातलं ते सर्वांत मोलाचं वाटतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत बायकांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं. त्या फार शिकलेल्या नव्हत्या. जंतुसंसर्ग ओळखायच्या त्यांच्या खुणांत एक खूण होती: आधी नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं क्षीण झालं किंवा थांबलं का? दुसरी: आधी नीट पिणारं बाळ कमी पितंय का? अशाच साध्या खुणांवर आणि वेळेवर केलेल्या उपचारांवर नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि आज 'आशा' ताई घरी येऊन बाळ बघते, ती पद्धत त्यातूनच आली.

अफूने, चटक्याने, गुंगीच्या थेंबाने नेमकी हीच खूण पुसली जाते.

तेव्हा खणखणीत रडून, पोटभर पिऊन, वजन वाढवणारं बाळ रात्री दोन तास रडलं तर सकाळी सावकाश दाखवायला आणा. पण खालीलपैकी काही असेल तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळचा दवाखाना गाठा. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, किंवा अंग गार पडणं. दूध न ओढणं. क्षीण, कण्हल्यासारखं रडणं, किंवा उठवूनही नीट जागं न होणं. हिरवी उलटी. पोट फुगून शौच बंद होणं. शौचातून रक्त किंवा लाल चिकट आव. छाती आत ओढली जाणं. झटका. टाळू फुगलेली. जांघेतली कडक, दुखरी गाठ. सोबत घरात बाळाला आजवर जे काही दिलं असेल, घुटी असो की थेंब, त्याची बाटली किंवा पुडी घेऊन या. कुणी रागावणार नाही.